पाच नंबरच्या बोटीचं पोट

आक्काबाईला एक खोड होती. बंद वस्तू दिसली की ती टकटक करून बघायची. डबा असो, दार असो, नाहीतर दुसऱ्याच्या वाडीतलं टरबूज असो, आत काय आहे हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. लग्नात अंतरपाट खाली यायच्या आधीच तिनं पलीकडं डोकावून पाहिलं होतं, असं तिचा नवरा हनुमान अजूनही चारचौघांत सांगतो. खरंखोटं देव जाणे, पण आक्काबाईला ओळखणाऱ्या कुणालाही ते खोटं वाटत नाही.

चाळिशीपर्यंत तिचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. पुढं चार भावांत वाटण्या झाल्या, कळप फुटला, हनुमाननं शहरात एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची नोकरी धरली आणि बिऱ्हाड छत्रपती संभाजीनगरात आलं. खोलीत बसून भिंती किती मोजणार? शेजारणीनं सांगितलं, उस्मानपुऱ्यात आतल्या गल्लीत एका शेडवर झाडलोटीला बाई पाहिजे. आक्काबाई गेली, आणि शेडवरची पाटी अक्षरं जुळवत वाचून तिथंच उभी राहिली. 'येथे सर्व प्रकारच्या बोटी दुरुस्त करून मिळतील.'

ज्या गावात नळाला पाणी कधी येणार याची चर्चा जावयाच्या येण्यासारखी चालते, तिथं बोटीचं दुकान! येणारेजाणारे पाटी वाचून हसत. "आधी पाणी तर येऊ द्या," म्हणत. पण बोटी यायच्या. नाथसागरातल्या मच्छीमारांच्या यायच्या, शेततळ्यांवरच्या यायच्या, हॉटेलांमागच्या तलावांतल्या यायच्या. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की सगळ्यांना आपापल्या बोटीची दुखणी आठवत, आणि शेडमध्ये बोटी उपड्या घालून लाकडी घोड्यांवर रांगेनं ठेवलेल्या असत.

शेडची मालकीण सुकेशनी खरात. वय आक्काबाईएवढंच, आवाज जरबेचा, बोलणं मोजकं. तिचे वडील वाळूजच्या एका कारखान्यात फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवायचे. सुकेशनीनं आयटीआय केलं, गोव्याला बोटींच्या यार्डात सहा वर्षं काढली आणि परत येऊन ही शेड टाकली. लोक वेड्यात काढतील हे तिला माहीत होतं. त्यांनी काढलंही.

पहिल्याच दिवशी आक्काबाईनं कोपऱ्यात पांढऱ्या मऊ कापडाची एक मोठी गुंडाळी पाहिली आणि तिचा झाडू थांबला. तिनं टोक उचललं, चिमटीत चुरलं, लोकरीचा पोत बघतात तसं गालाला लावून बघितलं.

"कुठल्या मेंढीची वो ही, ताई? लई पांढरी हाय."

सुकेशनी त्या शेडमध्ये मोठ्यानं हसल्याचं त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. "काचेची मेंढी आहे ती, आक्काबाई. काचेचे धागे आहेत. याचे थर रेझिनमध्ये, एका चिकट रसायनात, भिजवून एकावर एक चिकटवले की बोट होते. आता गाल खाजवू नका."

गाल तीन दिवस खाजला. पण खाजेपेक्षा प्रश्न जास्त होते. काचेचा धागा तुटत कसा नाही? रेझिन दगडासारखं कडक होतं, मग पातळ असतं तोवर त्याला आपण पुढं कडक व्हायचंय हे कळतं कसं? त्यात घालायचा हार्डनर, म्हणजे कडक करणारं औषध, जास्त पडलं तर काय होतं? (डबा तापतो, धूर येतो आणि सुकेशनी ओरडते. हे तिनं विचारून नव्हे, करून बघितलं.) महिनाभर हे ऐकून सुकेशनीचे कान किटले.

"इतकं विचारता तर शिकाच की," ती एक दिवस म्हणाली. "तीन महिने देते. माझ्याकडं नियम एकच आहे. एक अख्खी बोट तुमची. दुखणं तुम्हीच शोधायचं, दुरुस्त तुम्हीच करायचं, आणि पाण्यावर पहिल्यांदा एकटीनं तुम्हीच बसायचं. नीट तरंगली तर नाव त्या भिंतीवर. नाही तर झाडू आहेच."

ती भिंत आक्काबाई रोजच झाडत होती. तिच्यावर बोटींचे नंबर होते आणि प्रत्येकापुढं पहिल्यांदा बसणाऱ्याचं नाव, त्याच बोटीच्या उरलेल्या रंगानं लिहिलेलं. निळं, पिवळं, पोपटी. गोव्याच्या यार्डातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडून सुकेशनीनं ही रीत आणली होती. जो कारागीर आपल्या बोटीत बसायला कचरतो, त्यानं दुसऱ्याला बसवू नये, असं तो मिस्त्री म्हणायचा. भिंतीवर बहुतेक ठिकाणी सुकेशनीचंच नाव होतं. शिकायला आलेली पोरं फायबरची धूळ खाऊन महिन्यात पळत.

आक्काबाईला ते नाव पाहिजे होतं, आणि मनापासून पाहिजे होतं. मेंढरं गेल्यापासून ती कशातलीच जाणकार राहिली नव्हती. गावाकडं लोक पाच कोसांवरून तिला मेंढी दाखवायला यायचे, आणि इथं तिला भाजीवालासुद्धा मावशी म्हणून जुन्या गवारी खपवायचा. माणसाला आपण कशात तरी हुशार आहोत हे लागतंच. तिनं झाडू कोपऱ्यात ठेवला. पोहता येत नाही, गुडघ्यापेक्षा जास्त पाण्यात आपण कधी उतरलो नाही, ही गोष्ट तिनं सध्या कुणाला सांगितली नाही.

मे महिन्यात फर्दापूरहून सहा बोटी आल्या. अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथल्या एका हॉटेलवाल्यानं, बद्रीनाथनं, हॉटेलमागं छोटा तलाव केला होता आणि त्यात पायानं पायडल मारायच्या हंसाच्या आकाराच्या बोटी सोडल्या होत्या. सहाच्या सहा हंस उपडे होऊन घोड्यांवर आले, माना खाली. सुकेशनीनं पाच नंबरच्या बोटीवर हात ठेवला. "ही तुमची."

दुखणं शोधायची रीत तिनं दाखवली. स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्यायची आणि बोटीच्या अंगावर वीतवीतभर अंतरानं टकटक करत जायचं. जिथं थर सुटलेत, आत ओल शिरलीय, तिथला आवाज वेगळा येतो. तिथं खडूनं गोल करायचा. "कान द्या, आक्काबाई. आवाज बदलला की समजायचं." एवढं सांगून सुकेशनी शहागंजला सामान आणायला गेली. जाता जाता म्हणाली, "ज्या गोलाबद्दल सगळ्यात जास्त खात्री असेल, तो एक ग्राइंडरनं उघडून ठेवा. आल्यावर बघते."

आक्काबाईला आनंद मावेना. टकटक करणं हे तर तिचं जन्माचं काम! मेंढीनं ओला लुसलुशीत चारा जास्त खाल्ला की तिचं पोट फुगतं. डाव्या कुशीवर टिचकी मारली आणि ढोल वाजला की समजायचं, आत वारा धरलाय, जनावर तासाभरात जाईल. 'बद' आवाज आला की पोट भरलेलं, मेंढी ठणठणीत. हे तिला बाप कडूबानं सहाव्या वर्षी शिकवलं होतं. ती बोटीभोवती फिरली. बूड कुठं खणखण, कुठं बद वाजत होतं, ढोल कुठंच नव्हता. मागच्या अंगाला मात्र एक लांबट फुगीर भाग होता, तिथं मूठ लावताच ढोल. ढम, ढम, ढम.

"फुगलीय," आक्काबाई स्वतःशी म्हणाली, आणि तिनं तिथं एक नाही, चांगले अकरा गोल काढले.

मधल्या गोलावर तिनं ग्राइंडर लावला. वरचा पांढरा थर गेला, खाली पिवळसर, चकचकीत, घट्ट थर लागला. सडकं काही दिसेना. अजून खाली असेल. तिनं आणखी घासलं. अजून घट्ट. दुखणं आहे तर दिसत कसं नाही? खोड कसली ऐकते! ती घासत राहिली, आणि करंगळी जाईल एवढं भोक आरपार पडलं. आत अंधार होता. वारा सुटला नाही, वास आला नाही, काही नाही.

आता भोक पडलंच आहे तर जखम उघडी कशी ठेवायची? त्या दिवशी नशिबानं नळाला पाणी आलं होतं. जखम धुतल्याशिवाय औषध लावायचं नाही, ही धनगराच्या घरातली पहिली शिकवण. तिनं पाइप ओढला आणि भोक, भोवतालची धूळ, सगळं धो धो धुऊन काढलं. मग पदरानं कोरडं पुसलं. शेडची फरशी ओली झाली, पण जेवढी व्हायला पाहिजे होती तेवढी झाली नाही, असं तिला ओझरतं वाटून गेलं. उन्हाळा आहे, वाळत असेल, म्हणून तिनं ते सोडून दिलं.

संध्याकाळी सुकेशनी आली तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत होतं. तिनं भोकाकडं पाहिलं, मग अकरा गोलांकडं पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

"हे काय केलं?"

"फुगली व्हती, ताई. ढोल वाजत व्हता."

"अहो, वाजायलाच पाहिजे ना तो! ती हवेची पेटी आहे. बंद पेटी, आत नुसती हवा. तिच्यावरच बोट तरंगते. तुम्ही अख्ख्या बोटीतली सगळ्यात धडधाकट जागा फोडली." तिनं मूठ घेऊन बुडावर एका ठिकाणी टक् केलं, मग हातभर पुढं टक् केलं. पहिला आवाज खणखणीत होता, दुसरा मेल्यासारखा. "हे दुखणं. इथं एकही गोल नाही."

आक्काबाईनं दोन्ही जागांवर बोटं फिरवून बघितली. चांगल्या मेंढीच्या पोटात सुरी घातल्यासारखं तिला झालं. उलटं ऐकलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटं. इतकी लाज वाटली की धुतल्याचं सांगायचं राहिलं. कुणी विचारलंही नाही.

सुकेशनी रागावली, पण हाकललं नाही. भोकाभोवती उतार कसा घासायचा, त्या काचेच्या कापडाचे तुकडे लहानमोठे कसे कापायचे, ब्रशनं रेझिन कसं मुरवायचं, हवेचा एकही बुडबुडा कसा ठेवायचा नाही, हे सगळं तिनं त्याच भोकावर शिकवलं. मग आक्काबाईनं बुडाची खरी दुखणी शोधली. सात निघाली. एकेक उघडलं, वाळवलं, भरलं. घरी ती आता सगळ्यावर टकटक करायची आणि आवाज मनात साठवायची. पिठाचा डबा भरलेला, अर्धा, रिकामा. माठ भरलेला, अर्धा, रिकामा.

"माझ्या डोक्यावर मारून बघ एकदा," हनुमान म्हणाला.

"बघितलंय," ती म्हणाली. "ढोल वाजतो."

तीन महिने संपत आले. शेवटच्या दिवशी सुकेशनीनं पाच नंबरच्या बुडावर स्वतः मूठ फिरवली. सातही ठिकाणं खणखणीत. हवेच्या पेटीवर ढम ढम. तिनं लाल खडूनं बोटीवर 'पास' लिहिलं. "उद्या सकाळी बद्रीनाथ टेम्पो घेऊन येतोय. फर्दापूरला तुम्ही पण चला. पाण्यावर बसायचंय."

आक्काबाईचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच पाण्याच्या आठवणीनं परत वर आला.

सकाळी ती लवकर पोचली. टेम्पो यायच्या आत शेड झाडावी म्हणून तिनं धूळ बसवायला फरशीवर बादलीभर पाणी शिंपडलं. एकच बादली, पण पाणी पार दारापर्यंत गेलं. आक्काबाई झाडू हातात धरून त्या पाण्याकडं बघत राहिली. एका बादलीत एवढी फरशी भिजते. मग त्या दिवशी पाइप इतका वेळ धो धो चालला होता, तेव्हा पाणी दारापर्यंत का आलं नाही? गेलं कुठं?

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. बद्रीनाथ आणि त्याची चार माणसं उतरली, सुकेशनीही आली. एक नंबर, दोन नंबर टेम्पोत चढले. आक्काबाईला वाटलं, आत्ता बघितलं नाही तर कधी? ती मूठ घेऊन पाच नंबरजवळ गेली. पेटीवर वरून टक् केलं. ढम. बरोबर. बोट उपडी आहे म्हणजे हे बूड वर आहे. आत पाणी असेल तर ते खाली बसलेलं असणार. ती सरळ फरशीवर उताणी झाली, बोटीखाली सरकली आणि त्याच पेटीवर खालच्या अंगानं टक् केलं.

बद.

चार बोटं वर. बद. आणखी चार बोटं वर. ढम. मधे जणू दोरी लावून रेघ आखली होती.

ती तिथंच पडून राहिली. पोटात पाणी झालेल्या मेंढीचं असंच असतं. खाली पाणी बद वाजतं, वर वारा ढम वाजतो. पण खात्री करायची तर मेंढीची कूस पालटावी लागते. रेघ जागची हलली तर पाणी, नाही हलली तर गाठ. कडूबा म्हणायचा, एका कुशीवर बघून मेंढी सोडायची नाही.

डोक्यावर, लाकडी घोडीच्या पलीकडं, भिंत दिसत होती. पाच नंबर आधीच लिहिलेला, पुढची जागा रिकामी. गप्प बसलं तर संध्याकाळपर्यंत तिथं नाव येणार होतं. बादलीभर पाण्यानं बोट काही आज बुडणार नव्हती. जरा कलली असती इतकंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि सांगितलं तर? नियम तिला पाठ होता.

पण आज नाही बुडाली, तरी आतलं पाणी आतून थर खात राहणार होतं, हे सुकेशनीनंच तिला शिकवलं होतं. कधीतरी त्या हंसात कुणाचं तरी लेकरू बसणार होतं. ती बोटीखालून बाहेर आली. पाठीला चिखल लागला होता.

"ताई, ही पास नाय."

"मी बघितलीय, आक्काबाई. चढवा लवकर."

"तुमी वरूनच बघितली. पालटून बघा की एकदा."

बद्रीनाथ हसला. "बाई, टेम्पोवाला थांबणार नाही. बोट पाण्यात असते का पाणी बोटीत?"

सुकेशनीच्या कपाळावर आठी आली. गिऱ्हाइकासमोर शिकणारीनं आपलं काम नापास करावं, हे कुणाला आवडेल? पण तिनं माणसांना खूण केली. चौघांनी बोट उचलून सरळ केली. आत कुठंतरी गुळूक झालं. आक्काबाईनं मूठ पुढं केली, पण सुकेशनीनं ती तिच्या हातातून घेतली आणि स्वतः वाजवलं. मघाशी बद होतं तिथं आता ढम वाजलं, आणि ढम होतं तिथं बद. रेघ हलली होती.

तिनं ड्रिल घेतलं आणि पेटीला तळाशी भोक पाडलं. पाणी आलं, दुधासारखं पांढरं. घासलेल्या फायबरची धूळ त्यात कालवलेली होती. बादली भरली.

"हे तलावाचं नाही," सुकेशनी म्हणाली. "ही इथली धूळ आहे. कुणी ओतलं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आक्काबाईनं सगळं सांगितलं. नळ, पाइप, जखम धुणं, कमी भिजलेली फरशी. बद्रीनाथची माणसं तोंडाला रुमाल लावून हसू लागली. बोटीची जखम धुतली म्हणे! आक्काबाईला वाटलं, फरशी दुभंगावी.

"बाकीच्या पाच बोटी चढवा," सुकेशनी त्या माणसांना म्हणाली. मग आक्काबाईकडं न बघता म्हणाली, "नियम तुम्हाला माहीत आहे." आणि टेम्पोत बसून निघून गेली.

आक्काबाईनं झाडू घेतला. पांढरं पाणी पुसून काढलं, शेड दोनदा झाडली आणि भिंतीपाशी आल्यावर तिला रडू आलं. कामाचं वाईट वाटत नव्हतं. झाडूनं काही तिचा हात मोडत नव्हता. एवढं कानाला कळायला लागलं होतं, आता ते ऐकायचं कुठं, याचं वाईट वाटत होतं. घरी हनुमानला तिनं सांगितलं, तेव्हा तो चेष्टा करायला विसरला. म्हणाला, "सांगितलंस ते बेस केलंस." मग बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी ती शेडवर आली तेव्हा दार उघडंच होतं. रिकाम्या जागेत दोन नंबरची बोट परत येऊन उभी होती. आणि सुकेशनी भिंतीवर काहीतरी खरवडत होती. दोन नंबरपुढं लिहिलेलं स्वतःचं नाव.

आक्काबाईनं ते नाव आठवडाभर आधीच तिथं बघितलं होतं. पाण्यावर बसायच्या आधीच लिहिलं होतं सुकेशनीनं. वीस वर्षांत तिची बोट कधी नापास झाली नव्हती, म्हणून तिला वाट बघायची सवय राहिली नव्हती.

"फर्दापूरला पाचही पालटल्या," ती खरवडतच म्हणाली. "बद्रीनाथला तासभर उन्हात उभा केला. दोन नंबरच्या पेटीत निघालं. सीटच्या बोल्टातून झिरपलेलं, वर्षभराचं जुनं असेल. मी बुडावरून वाजवून सोडली होती. गोव्यात मोठ्या बोटी पालटता येत नाहीत, तीच सवय लागली मला."

आक्काबाईनं कोपऱ्यातला झाडू उचलला.

"बोट नापास झाली की झाडू, असं मीच म्हटलंय," सुकेशनी म्हणाली. "मग मलाही एक लागेल. दुसरा आहे का?"

"नाय. एकच हाय."

"मग ठेवा तो. आधी या दोघींना वाळवू. वाळल्या का ते मला विचारू नका. त्यांनाच विचारा."

दोन आठवडे दोन्ही हंस पंख्याखाली उभे राहिले. आक्काबाई रोज सकाळी त्यांना विचारायची, दोन्ही कुशींवर. शेवटी एका सकाळी तिनं 'वाळल्या' म्हणून मान डोलावली. मग सुकेशनीनं बोटींना विचारलं आणि तिनंही मान डोलावली. भोकं बुजवली, आणि ह्या वेळी पाण्यावर बसायच्या आधी बोटीवर 'पास' कुणीच लिहिलं नाही.

फर्दापूरच्या तलावाकाठी बद्रीनाथ, त्याचा स्वयंपाकी आणि लेण्यांहून आलेली दोनचार पाहुणेमंडळी उभी होती. आक्काबाईनं नारिंगी जाकीट घातलं, पदर घट्ट खोचला आणि त्याच वेळी तिची पाचावर धारण बसली.

"ताई, मला पवता येत नाय."

सुकेशनीनं तिच्या जाकिटाचा पट्टा ओढून घट्ट केला. "तीन महिन्यांत एवढं एकच सांगायचं राहिलं होतं का?" मग दोन नंबरच्या बोटीत पाय टाकत म्हणाली, "जाकीट आहे. पेटी आहे. पेटीत काय आहे ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

हे मात्र खरं होतं. आक्काबाई बसली. बोट डुचमळली, सावरली, सरळ झाली. तिनं पायडल मारलं आणि हंस पुढं निघाला. शेजारून दुसरा निघाला. तलावाच्या मधोमध दोन चाळिशीच्या बाया दोन पांढऱ्या हंसांत बसून चाललेल्या बघून पाहुण्यांनी मोबाइल काढले. आक्काबाईला भीती वाटत होती आणि भयंकर आनंदही होत होता. तेवढ्यात तिला काहीतरी सुचलं. तिनं वाकून पेटीवर मूठ वाजवली.

"ताई! पाण्यात आवाज निराळा येतो!"

"कसा?" सुकेशनीनं पायडल थांबवलं.

"तुमीच ऐका." आणि सुकेशनी स्वतःच्या बोटीत वाकली. काठावरच्या लोकांना दोघी बराच वेळ नुसत्या टकटक करताना दिसल्या.

संध्याकाळी शेडमध्ये परत आल्यावर सुकेशनीनं उरलेला पांढरा रंग कालवला. दोन नंबरपुढं स्वतःचं नाव पुन्हा लिहिलं आणि ब्रश आक्काबाईच्या हातात दिला. आक्काबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं एकेक अक्षर सावकाश काढलं. नाव जरा वाकडं आलं. ती मागं सरून ते बघत राहिली. मग न राहवून पुढं झाली आणि नावाच्या बाजूला भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केली.

भिंत भरीव होती.